बाबांच्या जुन्या होडीतलं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवायचंय. कुणी केलंय का?

सुकाणूवाला

नमस्कार मंडळी. बाबांनी पंचवीस वर्षं चालवलेली शिडाची होडी आता माझ्याकडे आली आहे. १९७६ सालची, फायबरची. एकूण लांबी २७ फूट, पाण्याच्या रेषेवर २३ फूट, वजन साधारण ३.२ टन. आत चार सिलिंडरचं ३० हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन आहे. गिअरमध्ये रिडक्शन नाही, म्हणजे इंजिन जेवढे फेरे मारतं तेवढेच पाण्यातला, होडी ढकलणारा पंखा मारतो. थंड करायला थेट समुद्राचं पाणी. इंजिनावरची कंपनीची पट्टी कधीच गळून गेलीय, त्यामुळे नाव-मॉडेल विचारू नका.

इंजिन सुरू होतं, पण त्याच्या मर्जीने. गेल्या महिन्यात काब्युरेटर उघडून धुतला, प्लग बदलले, पॉइंट घासले. दोन दिवस गुण आला, मग पुन्हा पहिले पाढे. तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्या तिघांच्या निम्मं येतंय. मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांतला धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव नळीच्या) खालच्या अंगाला गंजाचा ओघळ आहे. तिथे स्क्रूड्रायव्हरने जरा टोचलं तर हाताच्या नखाएवढी खपली निघाली. पुढे टोचायचा धीर झाला नाही.

पण खरं कारण हे नाही. आई होडीत चढत नाही. बाबा चावी फिरवायचे तेव्हा ती धक्क्यावर उभी राहायची. "सुरू झालं की हाक मारा, मग येते." लहानपणी आम्ही हसायचो. आता चावी माझ्या हातात आहे आणि ती फिरवताना मीच श्वास रोखून धरतो.

माझा बेत असा: जुनं इंजिन उचलायचं, त्याच जागी ३० हॉर्सपॉवरचं डिझेल ठेवायचं, टाकी-शाफ्ट-पंखा-सायलेन्सर जसंच्या तसं. हे जमेल का? आणि वर्षाला ६० तास इंजिन चालतं, तर इंधनात खर्च वसूल व्हायला किती वर्षं लागतील? हाताशी अनुभव म्हणाल तर मोटारसायकलचं इंजिन दोनदा उघडून जोडलंय. होडीतलं काम पहिलंच.

काटेकोर

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सोपा आहे. वसूल होणार नाही.

तुमचं इंजिन तासाला साडेतीन-चार लिटर पेट्रोल पीत असेल. त्याच वेगाला डिझेल सव्वादोन-अडीच लिटर पिईल. तासाला दीड लिटर वाचलं धरा, गुणिले ६०. वर्षाला ९० लिटर. नव्वद लिटरसाठी कुणी इंजिन बदलतं का?

एक सिलिंडर कुरकुरतोय म्हणून आख्खं इंजिन फेकणं म्हणजे एक दात दुखला म्हणून कवळी बसवणं. आधी एवढं करा: तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा कॉम्प्रेशन मोजा. आकडा चढला तर रिंग गेल्यात. जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह अडकलाय किंवा जळलाय, नाहीतर हेड गॅस्केट. त्या वयाच्या इंजिनात व्हॉल्व्ह अडकणं अगदी नेहमीचं आहे. मॅनिफोल्ड नवा मिळतो. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाका, हीट एक्स्चेंजर लावून आतून गोडं पाणी फिरवा. आणखी पंधरा वर्षं चालेल, आणि डिझेलच्या निम्म्याही थरथरीशिवाय.

काब्युरेटरच्या तोंडावरचा फ्लेम अरेस्टर, म्हणजे ज्वाळा अडवणारी जाळी, जागेवर आहे ना, तेवढं मात्र आजच बघा.

पाणमांजर

मी केलंय हे. सहा वर्षांपूर्वी, तुमच्यापेक्षा दीड फूट मोठ्या होडीत. हात माझे आणि धाकट्या भावाचे, वेल्डिंग आणि मशीनिंग तेवढं बाहेरून. काटेकोरांचा हिशेब बरोबर आहे. तो मीही केला होता, आणि तो बाजूला ठेवून डिझेल बसवलं.

तुमच्या आईंना कळलेली गोष्ट अशी आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. गळली की ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी खाली बसते, म्हणजे थेट बिल्जमध्ये, होडीच्या तळातल्या पोकळीत. हवेत दीड टक्का वाफ झाली तरी एका ठिणगीत पेटते. गाडीच्या इंजिनाखाली रस्ता असतो, मोकळी हवा असते. होडीच्या इंजिनाखाली बंद वाटी असते. म्हणून तर पेट्रोलच्या होडीत सेल्फ मारण्याआधी चार मिनिटं ब्लोअर (इंजिनाच्या जागेतली हवा बाहेर फेकणारा पंखा) चालवायचा नियम आहे. डिझेल पन्नास-पंचावन्न अंशांपर्यंत तापल्याशिवाय पेटण्याइतकी वाफच सोडत नाही. पेट्रोल उणे चाळीसलाही सोडतं. ब्लोअर, शिस्त, नाकाने हुंगणं, हे सगळं बारा वर्षं न चुकता केलं. एका दिवशी घाईत विसरले. काही झालं नाही. पण त्या रात्री मी इंजिनांची पत्रकं वाचायला घेतली.

आता तुमचा बेत. "त्याच जागी ठेवायचं, बाकी जसंच्या तसं." भाऊसाहेब, इंजिन हा यातला सोपा भाग आहे. ते पेटीत येतं, रंगवलेलं असतं, सोबत पुस्तक असतं. काम आहे ते इंजिनाच्या मागे, खाली आणि भोवती. माझा अर्ध्याहून जास्त खर्च त्यावर गेला, आणि वेळ तर जवळजवळ सगळाच.

पहिलं, ३० ला ३० नको. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. तुमचं येतं ६.४ नॉट. एवढ्या लांबीच्या जड होडीची ती वेस आहे. त्यापुढे जोर लावला की होडी स्वतःच्या लाटेवर चढायला बघते, बूड खाली बसतं, आणि इंधन नुसतं फेस करण्यात जातं. तिथवर पोचायला टनाला चार-पाच हॉर्सपॉवर पुरतात, म्हणजे तुम्हाला १३ ते १६. समोरून वारा आणि लाट असली तर हाताशी थोडं जास्त हवं म्हणून २० धरा. शिवाय तुमचं तीसचं इंजिन तीस कधी देतच नव्हतं. तीस मिळतात साडेतीन हजार फेऱ्यांना, आणि पंखा थेट जोडलेला असल्यामुळे ते दोन-सव्वादोन हजारांवर जात नसणार. तुम्ही आजवर जेमतेम पंधरा हॉर्सपॉवरवर फिरलात.

इंजिन ॲटॉमिक फोर निघालं तर नशीबवान आहात. युनिव्हर्सल कंपनीने ते १९४७ ते १९८४ बनवलं, चाळीस हजारांच्या आसपास. इतक्या होड्यांमध्ये ते बसलेलं असल्यामुळे त्याच्या पायांच्या मापात बसणारी डिझेलं पुढे खास निघाली, युनिव्हर्सलने स्वतःही कुबोटाच्या ब्लॉकवर काढली. पायांचं अंतर मोजा, पट्टी नसली तरी चालेल. वजनाची भीती जुनी आहे. तसलं ओतीव पेट्रोल इंजिन गिअरसकट दीडशे किलोच्या घरात असतं, आजचं तीन सिलिंडरचं वीस हॉर्सपॉवरचं डिझेल १३० च्या आसपास.

आता पंखा. इथे मी तोंडावर पडले, म्हणून सावकाश सांगते.

डिझेलला रिडक्शन गिअर असतो. इंजिन ३६०० फेरे मारतं तेव्हा शाफ्ट त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी मारतो. सावकाश फिरणारा मोठा पंखा पाणी नीट ढकलतो, तुमचा छोटा पंखा पाणी घुसळतो. त्यामुळे जुना पंखा ठेवलात तर इंजिन मोकळं किंचाळेल आणि होडी जागची हलणार नाही. त्यात तुमच्यासारख्या थेट जोडलेल्या जुन्या पेट्रोल इंजिनांमध्ये पंखा बहुधा डाव्या हाताचा असतो, म्हणजे पुढे जाताना मागून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरणारा, आणि डिझेलच्या गिअरला उजव्या हाताचा लागतो. तसं असेल तर पुढचा गिअर टाकून तुम्ही मागे जाल.

मला हे माहीत होतं. तरी हुशारी केली. कुणाच्या तरी शेडमध्ये पडलेला उजव्या हाताचा १५ बाय ११ इंचांचा पंखा स्वस्तात घेतला. व्यास १५, पिच ११; पिच म्हणजे न घसरता एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे जाईल ते अंतर. पिच जास्त, म्हणजे वेग जास्त, असं माझं गणित. होडी पाण्यात गेली, गाठ सोडली, लिव्हर पूर्ण पुढे. इंजिन २७०० ला अडकलं. मागून काळा धूर, आणि पंधरा मिनिटांत होडीच्या मागच्या पांढऱ्या फळीवर काजळीचा असा थर की भावाने बोटाने तारीख लिहिली. डिझेल मागितला तेवढा जोर द्यायला बघतं, फेरे मिळत नाहीत, न जळलेलं इंधन धुरातून बाहेर. असंच चालवलं तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनचं वाटोळं. परत होडी वर, पंखा उतरवला, पिच ११ वरून ८ करून आणली. मग ३५०० च्या वर गेलं आणि धूर गेला. कसोटी एवढीच: होडी भरलेली, बूड स्वच्छ, लिव्हर पूर्ण पुढे, आणि इंजिनाने पुस्तकात लिहिलेले फेरे गाठले पाहिजेत. खूप आधी अडकलं तर पंखा भारी, सहज ओलांडलं तर हलका.

शाफ्टही बघा. हॉर्सपॉवर कमी केली म्हणून जुना शाफ्ट निभावेल असं वाटतं, पण गिअरने फेरे निम्मे केले की शाफ्टवरचा पीळ दुप्पट होतो, आणि डिझेलचा प्रत्येक ठोका पेट्रोलपेक्षा टणक. माझा पाऊण इंची होता, एक इंची केला. त्याबरोबर ग्लँड (शाफ्टभोवती पाणी अडवणारा भाग), बेअरिंग, कपलिंग सगळं ओळीने आलं.

इंजिन मागवण्याआधी त्याच्या ड्रॉइंगवरून पुठ्ठ्याचं पुरं इंजिन करा. माउंटिंग, डिपस्टिक, इंपेलरचं झाकण, फिल्टर, सगळं काढा त्यावर. आम्ही केलं. जागेवर बसलं. पण दारातून आत नेताना खरं इंजिन २२ मिलिमीटरला अडलं, कारण पुठ्ठा आम्ही आत नेऊन जोडला होता! शेवटी होडीवर लोंबकळत असताना अल्टरनेटर आणि एका बाजूची माउंटिंग काढली तेव्हा गेलं.

जुनं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं तो पाया, ठोकून बघा. आमचं वरून दगडासारखं वाटत होतं. बोल्टच्या जुन्या भोकात ड्रिल घातलं तर भोकातून काळं पाणी ओघळलं आणि मागोमाग लाकडाचा ओला भुगा. फायबरच्या आत लाकूड कुजून गेलं होतं. सगळं कापून काढलं, नवं लाकूड, इपॉक्सी, वर लोखंडी अँगल. तीन आठवडे. तुमच्या होडीचं वय बघता हे धरूनच चाला.

बाकीचं पटापट. जुना सायलेन्सर आणि होज विसरा. माझा दीड इंची होता, नव्याला दोन इंची लागला, वॉटरलॉकसकट (एक्झॉस्टमधलं पाणी धरून ठेवणारा डबा). एक्झॉस्टमध्ये पाणी सोडण्याची जागा पाण्याच्या रेषेच्या वर पंधरा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर पाण्याच्या होजला उंच वळसा आणि त्याच्या टोकाला अँटी-सायफन व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर इंजिन बंद झाल्यावर समुद्र हळूहळू आत येतो. टाकीला पेट्रोलच्या काळात एकच नळी होती, डिझेलला नोझलमधून उरलेलं इंधन परत आणायला दुसरी लागते. जस्ताचा लेप असलेली टाकी डिझेलला वापरू नका, जस्त डिझेलमध्ये उतरून नोझल चोंदवतं. आणि जुनी पेट्रोलची टाकी रिकामी दिसते म्हणून तिला ड्रिल लावू नका, कापू नका. रिकामीतच वाफ जास्त. मी नवी करून घेतली. इंजिनाच्या आधी पाणी वेगळं करणारा फिल्टर, असा बसवा की खालची काचेची वाटी वाकून न बघता दिसेल.

अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं, जमिनीवर केलीत तरी पाण्यात उतरवून दोन दिवस थांबा आणि पुन्हा करा, होडी पाण्यात बसली की तिचा आकार सैलावतो. कपलिंगच्या दोन चकत्यांमध्ये फिलर गेज घालून चारी बाजूंनी मोजा. चार इंची कपलिंगला ०.१ मिलिमीटरच्या आत फरक.

तुमचा शाफ्ट जिथे बाहेर येतो तिथे शाफ्टच्या मध्यापासून सरळ वर होडीच्या तळापर्यंत किती अंतर आहे ते मोजून सांगा. पुढचं त्यावर.

बारा_व्होल्ट

ताईंनी वायरिंग सोडलं, ते मी घेतो.

पेट्रोलला बंद करायचं म्हणजे ठिणगी तोडायची. डिझेलला ठिणगीच नाही, इंधन तोडावं लागतं. स्टॉपची केबल ओढा किंवा स्टॉप सोलेनॉइडचं बटण दाबा, इंजिन पूर्ण थांबू द्या, मग चावी. सवयीने चालत्या इंजिनावर चावी बंद केली तर इंजिन चालूच राहतं आणि काही वायरिंगमध्ये अल्टरनेटरचे डायोड जातात.

फेऱ्यांचा जुना काटा इग्निशन कॉइलवरून चालतो. डिझेलला कॉइल नाही. अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवर चालणारा काटा घ्या आणि पुलीच्या मापाप्रमाणे लावून घ्या, नाहीतर ताईंचे २७०० आणि तुमचे २७०० वेगळे.

सेल्फला करंट जास्त लागतो, कारण कॉम्प्रेशन पेट्रोलच्या दुप्पट-अडीचपट. जुन्या वायरी पुन्हा वापरू नका. सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणाऱ्या हीटर प्लगची वायरही जाड टाका. लांब बारीक वायरीत दीड व्होल्ट खाल्ला गेला की प्लग कोमट राहतात आणि लोक नोझल उघडत बसतात.

आणि एक, हे मी स्वतः भोगलंय. नवीन इंजिनाच्या इंधनाच्या नळ्यांत एअर असते, ती काढताना माणूस सेल्फ मारत राहतो. प्रत्येक वेळी पंप समुद्राचं पाणी वॉटरलॉकमध्ये टाकतो. इंजिन पेटलेलं नसल्याने ते पाणी बाहेर ढकलायला एक्झॉस्टचा दाबच नसतो. पाणी चढत चढत मॅनिफोल्डमधून सिलिंडरमध्ये. माझं इंजिन एकूण शून्य तास चाललेलं होतं आणि ऑइलचा रंग दुधासारखा झाला. एअर काढताना सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा नळ) बंद ठेवा आणि त्याची चिठ्ठी चावीला बांधा, कारण इंजिन पेटताक्षणी तो उघडायचाय.

लाटेवर_स्वार

धागा पळवत नाही, पण माझी २४ फुटी स्पीडबोट आहे, ५.७ लिटर व्ही-८ पेट्रोल, स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, पंख्याचा गिअर मागच्या फळीबाहेर). मीही डिझेल टाकू का?

पाणमांजर

@लाटेवर_स्वार, तुमचं गणित उलटं आहे. पाण्यावर उठून धावणाऱ्या होडीत वजन म्हणजे सगळं, आणि त्या जोराचं डिझेल जड. शिवाय पेट्रोल व्ही-८ ४८०० च्या आसपास फिरतं, डिझेल ३८०० वर थांबतं. त्यामुळे ड्राइव्हमधला रेशो बदलावा लागतो, आणि जुना ड्राइव्ह डिझेलचा पीळ सोसेल का हे आधी बघावं लागतं. वर्षाला तीन-चारशे तास चालवत असाल तरच विचार करा, आणि तेव्हाही इंजिन-ड्राइव्ह जोडीनेच घ्या.

गुपचूप

इलेक्ट्रिक का नाही?

काटेकोर

कारण तो समुद्रात जातो, तलावात नाही. साठ तास सलग नसतात, पण एखाद्या दिवशी वारा पडला की सात तास सलग असतात.

सुकाणूवाला

सगळ्यांचे आभार. चार दिवस होडीतच होतो.

काटेकोर, तुमची ऑइलची परीक्षा केली. आकडा हलला नाही, म्हणजे रिंग नाहीत, बहुधा व्हॉल्व्ह. तुमचं खरं निघालं, इंजिन वाचवता येईल. पण मॅनिफोल्ड उतरवताना त्याचा एक कान बोल्टबरोबर हातात आला, आणि फाउंडेशनला ठोकलं तर डावीकडे टणक, उजवीकडे ढोलासारखं. फाउंडेशन कोणत्याही इंजिनासाठी कापावंच लागणार. एकदा कापायचं तर डिझेलच्या मापानेच बांधतो. फ्लेम अरेस्टर जागेवर होता, पण त्याची जाळी इतकी तेलकट की काय अडवणार, देव जाणे.

ताई, शाफ्टच्या मध्यापासून तळापर्यंत ८ पूर्णांक ३/४ इंच. पंखा डाव्या हाताचा, १२ इंची, दोन पात्यांचा. इंजिनवाल्याने २.६ चा गिअर आणि १५ इंची पंखा सुचवलाय.

पाणमांजर

मग १५ इंची बसत नाही. बसेल, फिरेलही, पण गडगडेल. पात्याचं टोक आणि तळ यांच्यात पंख्याच्या व्यासाच्या निदान दहा टक्के जागा लागते. १५ इंचीला त्रिज्या साडेसात, अधिक दीड, झाले नऊ. तुमच्याकडे पावणेनऊ. पाव इंचासाठी आख्ख्या होडीच्या तळावर प्रत्येक पातं हातोडा मारत जाईल, आणि तुम्ही अलाइनमेंटला दोष देत बसाल.

१४ इंचीला सात अधिक १.४, म्हणजे ८.४. बसला. पण पंखा लहान केला की तो थोडा जोरात फिरायला हवा, म्हणून २.६ चा गिअर नको, २ च्या आसपासचा मागा. ३६०० ला शाफ्ट १८०० फिरेल. ६.४ नॉट म्हणजे मिनिटाला साधारण ६५० फूट. भागिले १८००, एका फेऱ्यात होडी सव्वाचार इंच पुढे. पंखा पाण्यात निम्मा तरी घसरतो, तेव्हा पिच साडेआठ-नऊ, तीन पाती. हा माझा अंदाज, पंखा बनवणाऱ्याकडून पक्का करून घ्या, पण त्याला गिअरचा आकडा आणि ही पावणेनऊ इंचांची गोष्ट आधी सांगा. गिअर ऑर्डर केल्यावर सांगितलीत तर तो फक्त मान हलवेल.

अजून एक. पंख्याचा हात बदलला की मागे जाताना होडीचं शेपूट दुसरीकडे ओढलं जातं. डाव्या हाताचा पंखा मागे घेताना शेपूट उजवीकडे न्यायचा, उजव्या हाताचा डावीकडे नेईल. मला हे तोंडपाठ होतं. पहिल्याच दिवशी धक्क्यातून निघताना बारा वर्षांच्या सवयीने सुकाणू धरलं आणि सरळ शेजारच्या होडीच्या रेलिंगवर. शेजारी गळ टाकून बसला होता, त्याने गळ न सोडता पायाने आमची होडी ढकलली. पहिले चार वेळा मोकळ्या पाण्यात जाऊन नुसतं मागे-मागे चालवा.

काटेकोर

फाउंडेशन ढोलासारखं वाजतंय म्हणता, तर माझा विरोध मागे. जुनं इंजिन मात्र भंगारात देऊ नका. व्हॉल्व्ह सोडवून ठेवलंत तर त्या पार्टांसाठी हिंडणारे लोक आहेत, मी त्यातलाच एक.

सुकाणूवाला

काटेकोर, मग इंजिन तुमचंच.

पुठ्ठ्याचं इंजिन आज झालं. ताई, मी ते बाहेर जोडून आत नेलं. जिन्याच्या दुसऱ्या पायरीला अडलं. जिना स्क्रूंवर आहे, निघेल.

आईला दाखवलं. तिने विचारलं, डिझेलला वास नसतो का? मला उत्तर देता आलं नाही.

पाणमांजर

असतो. चिकट असतो आणि कपड्यातून जात नाही. पण डिझेलचा वास आला म्हणजे कुठेतरी ओलं आहे, फडकं घेऊन शोधायचं, एवढंच. त्यासाठी फाउंडेशनच्या मधोमध इंजिनाखाली ट्रे बसवा, चारी बाजूंनी दोन इंच काठ, बिल्जपासून वेगळा. इंजिन आत जाण्याआधी. नंतर तिथे हात जात नाही, माझा अजून गेलेला नाही.